नेटहॅक: खाली जाणारा जिना सापडत नाही तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: नेटहॅक या तळघरात उतरत जायच्या संगणक-खेळात तिसऱ्या-चौथ्या पातळीवर दिसतील त्या सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या, बोळ संपले, तरी खाली जाणारा जिना कुठेच नाही. भिंतीभिंतीशी शोधत बसावं तर भूक लागते, नाहीतर मागून काहीतरी येऊन जीव घेतं. पातळी धुंडाळायची काही रीत आहे का?

आहे. नेटहॅक 1987 पासूनचा खेळ. पातळी दर वेळी नवी बनते हे खरं, पण ती बनवायची पद्धत ठरलेली आहे, आणि ती माहीत असली की कुठे शोधायचं नाही हे आधी कळतं. वेळ तिथेच वाचतो. खालचे आकडे खेळाच्या 3.4.3 आवृत्तीला आणि 3.6 मालिकेला लागू आहेत.

आधी एक खात्री करा: तुम्ही मुख्य तळघरातच आहात ना? पातळी 2 ते 4 यांपैकी एकीवर खाली जाणारे दोन जिने असतात. त्यातला एक नोमिश माइन्स म्हणजे खाणींकडे नेतो. खाली उतरल्यावर चौकोनी खोल्याच दिसत नसतील, वेड्यावाकड्या भिंतींची एकच मोठी गुहा असेल आणि मोठ्या ‘जी’ अक्षराने दाखवलेले नोम नावाचे बुटके इकडेतिकडे फिरत असतील, तर तुम्ही खाणीत आहात. तिथे चोरदरवाजे नसतात, तेव्हा शोधाशोध करायचीच नाही, फक्त चालायचं. मुख्य तळघरात जायचं असेल तर वर परत या आणि दुसरा जिना शोधा.

आता मुख्य तळघराची पातळी कशी बनते ते पाहू. नकाशा 80 रकान्यांचा आणि 21 ओळींचा. त्यावर खेळ आधी खोल्या टाकतो, मग त्या डाव्या कडेच्या क्रमाने मांडतो: सर्वात डावीकडे सुरू होणारी पहिली, तिच्यानंतरची दुसरी, असं. मग बोळ खणायला घेतो. पहिल्या फेरीत प्रत्येक खोली तिच्या लगेच पुढच्या क्रमांकाच्या खोलीला जोडली जाते (ही फेरी क्वचित मध्येच थांबते, दर पायरीला पन्नासात एक इतकी शक्यता). दुसऱ्या फेरीत एक सोडून पुढची खोली जोडली जाते, पण आधीच जोडलेली नसेल तरच. तरीही कोणी तुटक राहिलं तर तिसऱ्या फेरीत तेही जोडलं जातं. शेवटी निदान चार जादा बोळ कुठल्याही दोन खोल्यांमध्ये खणायचा प्रयत्न होतो. हे जादा बोळच डोकेदुखी करतात, कारण खणताना प्रत्येक घराला पस्तिसात एक इतकी शक्यता असते की काम तिथेच सोडून दिलं जाईल. नकाशावर जे बोळ कुठेही न जाता मध्येच संपतात, त्यातले बरेचसे हे असतात. तिथे शंभर चाली शोधलं तरी काही निघत नाही, कारण पुढे काही नाहीच.

असा बोळ ओळखायची एक खूण आहे. बोळात पडलेला मोठा धोंडा. मूळ जोडणीच्या बोळांत खेळ धोंडे टाकत नाही, जादा बोळांतच टाकतो. तेव्हा वाटेत धोंडा लागला आणि पुढे बोळ संपला, तर तिथे दहा चाली द्या आणि निघा. धोंडा तुम्ही स्वतः ढकलत आणलेला असेल तर अर्थात ही खूण धरू नका.

दार कुठल्या भिंतीला येणार, हेही ठरलेलं आहे, आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. दोन खोल्या जोडताना खेळ पाहतो: दुसरी खोली पहिलीच्या उजव्या कडेच्या पूर्ण पलीकडे आहे का? असेल तर दार पहिलीच्या उजव्या भिंतीला आणि दुसरीच्या डाव्या भिंतीला. दोघींचे रकाने एकमेकांवर येत असतील तर दारं वरच्या-खालच्या भिंतींना, म्हणजे वरच्या खोलीच्या खालच्या भिंतीला आणि खालच्या खोलीच्या वरच्या भिंतीला.

उदाहरण घ्या. तुम्हाला तीन खोल्या सापडल्या आहेत. पहिली रकाना 3 ते 12, दुसरी 18 ते 30, तिसरी दुसरीच्या खाली 27 ते 40. रकाना 42 पासून उजवीकडे सगळं काळं. दुसरी-तिसरीचे रकाने 27 ते 30 मध्ये एकमेकांवर येतात, म्हणून त्यांच्यातला बोळ दुसरीच्या खालच्या भिंतीतून निघून तिसरीच्या वरच्या भिंतीत शिरेल. तो तुम्ही चाललेला आहात. उरलेल्या खोल्या 42 च्या पुढे, म्हणजे क्रमाने चौथी तिथेच असणार, आणि तिसरी-चौथीचा बोळ तिसरीच्या उजव्या भिंतीतून निघणार. तेव्हा पहिल्या खोलीत वेळ घालवू नका, दुसरीच्याही भिंती ठोकू नका. थेट तिसरीच्या उजव्या भिंतीशी जा. काळी जागा डावीकडे असती तर उलट: सापडलेल्यांपैकी सर्वात डावीकडच्या खोलीची डावी भिंत.

त्या भिंतीला दार आधीच दिसत असेल आणि त्यातून निघालेला बोळ मध्येच संपत असेल, तर भिंत सोडा आणि बोळाच्या टोकाला शोधा. दारांचं प्रमाण आठात एक चोरदरवाजा असं आहे. बोळाचं प्रत्येक घर मात्र शंभरात एक एवढ्याच शक्यतेने लपलेलं असतं. तीस घरांच्या बोळात निदान एक घर लपलेलं असण्याची शक्यता साधारण चारात एक होते. म्हणजे दोन्ही प्रकार घडतात, पण नुसत्या कोऱ्या भिंतीसमोर असाल तर संशय दारावर घ्यायचा.

रिकामी जागा छोटी असेल, सहा-सात रकान्यांची, आणि चारही बाजूंनी खोल्या असतील तर तिच्या मागे लागू नका. दोन बाय दोनची बंद तिजोरी अशाच जागी बसते. ती बोळांनी जोडलेलीच नसते आणि जिना तिच्यात कधीच नसतो. तसंच दुकान. दुकान अशाच खोलीत बनतं जिला एकच दार असतं आणि जिना नसतो, आणि ते दार कधी चोरदरवाजा नसतो. दुकानाच्या आत दुसरा रस्ता शोधणं म्हणजे निव्वळ चाली फुकट.

आता प्रत्यक्ष शोध. ‘एस’ दाबलं की एक चाल जाते आणि तुमच्या भोवतीची आठ घरं तपासली जातात. लक (खेळातला नशिबाचा छुपा आकडा) शून्य असेल तर लपलेलं दार किंवा बोळ सापडण्याची शक्यता दर चालीला सातात एक, सापळ्याची आठात एक. याचा हिशोब असा पडतो: दहा चालींत 79 टक्के, पंधरात 90, वीसमध्ये 95. बहुतेक जण पाच-सहा चाली देतात, काही निघत नाही, पुढे सरकतात, आणि मग सगळी पातळी फिरून पुन्हा त्याच जागी येतात. सहा चालींत शक्यता जेमतेम 60 टक्के असते. तेव्हा एका जागी पंधरा एकदम द्या. नंबर पॅड बंद असेल तर ‘15’ टाइप करून ‘एस’. चालू असेल तर आधी ‘एन’, मग 15, मग ‘एस’. शत्रू नजरेत आला की मोजणी आपोआप थांबते, म्हणून एकेक दाबत बसण्यापेक्षा हे सुरक्षितही आहे.

उभं कुठे राहायचं याचाही फरक पडतो. भिंतीला लागून उभे असाल तर भिंतीची तीन घरं तपासली जातात. नऊ घरांची भिंत असेल तर एका टोकाकडून दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या घरासमोर उभं राहिलं की झालं. दर घरासमोर थांबायची गरज नाही. कोपऱ्यात उभे राहाल तर दोन भिंती एकदम येतात. दोन संशयित भिंती एकाच कोपऱ्यात मिळत असतील तर सुरुवात तिथूनच करा.

वीस चालींचा खर्च नुसत्या भुकेचा नसतो. साध्या पातळीवर दर चालीला सत्तरात एक शक्यतेने नवा प्राणी जन्माला येतो, म्हणजे वीस चालींत साधारण चारात एक. प्राण्यांच्या ताकदीची वरची मर्यादा पातळी आणि तुमची अनुभव-पातळी यांची सरासरी अशी असते. चौथ्या पातळीवर, अनुभव दोन असताना हे सोसतं. दहाव्या पातळीवर तासन् तास शोधत बसणं वेगळं.

आता एक बाब जी फार कमी जण तपासतात. योग्य भिंतीशी चाळीस-पन्नास चाली दिल्या, दोन-तीन जागी दिल्या, तरी काहीच निघत नाही, सापळासुद्धा नाही. अशा वेळी लकवर संशय घ्या. शोधाचा फासा लकवर चालतो, आणि 3.6 मध्ये लक उणे 2 किंवा त्याखाली गेलं की सातात एकची शक्यता जवळजवळ शून्यावर येते. कारण बहुधा एकच: शांत प्राण्याला मारलं. खेळ ‘खरंच हल्ला करायचा?’ असं विचारतो आणि घाईत ‘वाय’ दाबलं जातं. त्याची किंमत लक उणे 5 पर्यंत जाऊ शकते. स्वतःचा पाळीव प्राणी मारला तरी तेवढीच. लक दर 600 चालींना एकाने शून्याकडे सरकतं, म्हणजे उणे 5 वरून उणे 1 वर यायला 2400 चाली. तोवर शोधाच्या भरवशावर राहू नका आणि प्रार्थनाही करू नका, कारण लक उणे असताना प्रार्थना उलटते.

दारांबद्दल थोडकं. दारातून तिरकं जाता येत नाही, ना आत ना बाहेर. दार नसलेला नुसता उंबरठा किंवा तुटलेलं दार असेल तर जाता येतं. तुमच्या मागे लागलेल्यांनाही हाच नियम, पण तो फक्त चालण्याचा: दारातच उभे राहिलात तरी तिरके शेजारी तुम्हाला मारू शकतात. कुलूप असेल तर किल्ली ‘ए’ने वापरा, नाहीतर कंट्रोल-डी आणि दिशा, म्हणजे लाथ. पण लाथ मारण्याआधी दारासमोरच्या घरावर उभं राहून ‘:’ने जमीन वाचा. धुळीत ‘क्लोज्ड फॉर इन्व्हेंटरी’ लिहिलेलं असेल तर आत दुकान आहे. ते दार तोडलं की दुकानदार नुकसानभरपाई मागतो, आणि पहिल्या पाच पातळ्यांवर दुकानदाराशी झुंज म्हणजे खेळ संपला. याच्या उलट कामाचा मजकूर ‘अॅड एरारियम’. तो जिथे लिहिलेला असतो त्याच्या जवळच भिंतीपलीकडे एक कोनाडा असतो आणि त्यात तिजोरीत नेणारा टेलिपोर्ट सापळा. ‘व्लाड वॉज हिअर’ असेल तर कोनाड्यात खाली पाडणारी झडप असते. जिना सापडत नसेल तेव्हा हा मजकूर म्हणजे लॉटरीच. धुळीतली अक्षरं पुसट झालेली असतात, तेव्हा निम्मी जुळली तरी मानून चाला.

पातळी बोलतेही, ते ऐकत जा. पाणी बुडबुडल्याचा आवाज म्हणजे कारंजं. कोणीतरी पैसे मोजतंय किंवा पहारेकऱ्याची पावलं वाजताहेत म्हणजे तिजोरी. कॅश रजिस्टरची घंटी म्हणजे दुकान आहे आणि त्यात दुकानदार आहे. दरबारी संभाषण ऐकू आलं तर सिंहासनाची खोली, आणि चौथ्या पातळीखालीच ती बनते. हत्तीने शेंगदाण्यावर पाय दिल्यासारखा आवाज म्हणजे प्राणिसंग्रहालय, झोपलेल्या प्राण्यांनी गच्च भरलेली खोली. शेवटच्या दोन्ही ठिकाणी अजून न उघडलेल्या दाराला लाथ मारण्याआधी दोनदा विचार करा. आवाज आला आणि ती खोली तुम्ही अजून पाहिलेली नसेल, तर नकाशावर ती कुठेतरी असलीच पाहिजे. म्हणजे काळ्या जागेचं कोडं अर्धं सुटलं.

फिरण्याचा क्रम मी असा सुचवेन. उतरल्यावर आधी नजरेत भरतील ते बोळ चाला, सामान उचलण्यात गुंतू नका. खालचा जिना दिसला की पातळी तुमची. मग निवांत बाकीच्या खोल्या पाहा, कारण आता पळायला दोन वाटा आहेत. लांब जायचं असेल तर ‘_’ दाबा, मग ‘<’ किंवा ‘>’ने कर्सर जिन्यावर न्या आणि ‘.’ने पक्कं करा. पात्र स्वतः चालत जातं. 3.6 मध्ये ‘#टेरेन’ने वस्तू-प्राणी वगळून फक्त ओळखीचा नकाशा दिसतो. काळे भाग ओळखायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. 3.6 मध्ये कंट्रोल-ओने आजवरच्या पातळ्यांतली दुकानं, वेदी, कारंजी यांची यादी मिळते, आणि ‘#अॅनोटेट’ने पातळीला आपली टीप जोडता येते. ‘उजवी भिंत 20 झाली’ अशी टीप लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी खेळायला बसलात की ती कामाला येते.

पाळीव मांजर किंवा कुत्रा बरोबर असेल तर त्याच्या हालचालीकडे लक्ष द्या. तो एखाद्या वस्तूवर पाय टाकायला कचरत असेल तर ती वस्तू शापित आहे, उचलून अंगावर घालू नका. जिना उतरताना तो शेजारच्या घरात असेल तरच बरोबर येतो. हेच शत्रूलाही लागू: शेजारी असेल तोच मागे येतो. चारजण अंगावर आले तर वरच्या जिन्यावर या, एकालाच शेजारी येऊ द्या, वर जा. वर गेल्यावर फक्त त्याच एकाशी लढायचं. नवख्यांचे प्राण या एका युक्तीने जितके वाचतात तितके चिलखतानेही वाचत नाहीत.

शोधाशोध करताना मारणाऱ्या दोन गोष्टी सांगतो, बाकीच्या खेळता खेळता कळतील. पहिली, निळा ‘ई’, तरंगणारा डोळा. तो स्वतःहून काही करत नाही, हळू सरकतो, बोळात वाट अडवून बसतो, आणि म्हणूनच लोक वैतागून त्याला तलवार मारतात. हाताने मारलं की तुम्ही जागच्या जागी गोठता, कधीकधी 127 चाली, आणि तेवढ्यात कुठलाही उंदीर तुम्हाला संपवतो. दुरून खंजीर किंवा बाण मारा. मेल्यावर त्याचं प्रेत खा, त्यातून टेलिपथी मिळते. 

दुसरी, निळा ‘ए’, सोल्जर अँट. तुमचा वेग 12, तिचा 18, आणि एका चालीत ती चावते आणि डंखही मारते. पळून उपयोग नाही. बोळात किंवा दारात उभे राहून लढा. एचपी (जीव किती उरला त्याचे गुण) निम्म्यावर आला तर शिफ्ट-ई, मग ‘-’ने बोट निवडून धुळीत एल्बेरेथ हा शत्रूंना घाबरवणारा शब्द लिहा, स्पेलिंग ई-एल-बी-ई-आर-ई-टी-एच. लिहून झाल्यावर ‘:’ने वाचून पाहा, धुळीत लिहिताना अक्षरं चुकतात आणि चुकलेलं एल्बेरेथ म्हणजे नुसती धूळ. 3.6 पासून त्यावर उभं राहून तुम्ही हल्ला केला तर ते पुसलं जातं, आणि प्रत्येक घाबरलेल्या प्राण्यामागे सातात एक शक्यतेने तसंही पुसतं. माणसं म्हणजे ‘@’ आणि मिनोटॉर त्याला जुमानत नाहीत.

एचपी 5 किंवा त्याखाली, किंवा कमालच्या सातव्या भागाखाली गेला तर ‘#प्रे’. सुरुवातीला प्रार्थनेची मुदत (चालींगणिक उतरणारी मोजणी) 300 असते आणि जीवघेण्या संकटात ती 200 किंवा कमी असावी लागते, म्हणजे पहिल्या शंभरेक चालींनंतर पहिली प्रार्थना चालते. पुढची किमान हजार चालींनी. भुकेचंही तेच: 900 पोषणावर सुरुवात होते, 150 खाली ‘हंग्री’, 50 खाली ‘वीक’. ‘हंग्री’ला प्रार्थना करू नका, ते मोठं संकट धरलं जात नाही. ‘वीक’ दिसलं की करा. शोधाशोधीत भूक लागते ही तक्रार इथेच संपते. पहिली प्रार्थना भुकेसाठी खर्च करणं हा बहुतेक वेळा चांगला सौदा असतो, पोषण पुन्हा 900 होतं. प्रेत खायचं तर मारल्या मारल्या, तीस चालींच्या आत.

आणि तरीही जिना मिळाला नाही तर? वर जाऊन खाणींत उतरा. लाल ‘एच’ म्हणजे ड्वॉर्फ, त्यांच्यातल्या पुष्कळांकडे कुदळ असते. तुमचं पात्र ड्वॉर्फ किंवा नोम असेल तर ते बहुधा शांत असतात, त्यांना मारू नका, लकची गोष्ट वर आलीच आहे. इतर पात्रांसाठी ड्वॉर्फ हा पहिल्या पातळ्यांवरचा सर्वात वाईट शत्रू आहे, कारण त्याच्या हातात मॅटक (दोन हातांनी चालवायची मोठी कुदळ) असेल तर एकेका फटक्याला 20 पर्यंत एचपी जातात. पाळीव प्राण्याला पुढे घाला किंवा दुरून मारा. आर्किऑलॉजिस्ट पात्राकडे कुदळ सुरुवातीपासूनच असते.

कुदळ हाती आल्यावर ‘ए’, कुदळीचं अक्षर, मग ‘>’. आधी खड्डा होतो आणि काम थांबतं. पुन्हा तेच करा, भोक पडतं. सगळं मिळून वीसेक चाली, ड्वॉर्फ पात्राला निम्म्याच. जिन्यावर, वेदीवर किंवा सिंहासनावर खणता येत नाही, एक घर बाजूला व्हा. सोकोबानच्या, म्हणजे धोंडे ढकलायच्या कोड्यांच्या शाखेच्या, जमिनीलाही कुदळ लागत नाही. दुकानात शिरायचं असेल तर कुदळ दाराबाहेर ठेवावी लागते. आत असताना कशीबशी भोक पाडून पळू पाहिलंत आणि दुकानदार शेजारी असेल तर तो अख्खी पिशवी ओढून घेतो. आणि भोकातून खाली पडलात की जिन्यावर नाही, कुठेही पडता. पायाखाली ‘<’ नसतो, परत वर पळायची वाट नसते. म्हणून शेवटचा फटका मारण्याआधी एचपी पाहा, निम्म्याहून कमी असेल तर आधी ‘20एस’ने भरून येऊ द्या, आणि मांजर शेजारच्या घरात येईपर्यंत थांबा.